जाळीवरच्या पोटुशी

सांगलीच्या औषधशास्त्राच्या एका कॉलेजात, स्कूटर लावायच्या शेडच्या मागं, उंदीरघर होतं. दारावरच्या पाटीत त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण प्राचार्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला उंदीरघरच म्हणत, आणि तिथं काम करणाऱ्या अंजनाला 'उंदीरमावशी'. तेही मागून. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. अंजना म्हसवडची. माण तालुक्यातली बाई एकदा बोलायला लागली की समोरच्याला आपल्या घराकडची वाट आठवते, हे कॉलेजला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

उंदरांशी मात्र ती असं बोलायची, की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं आत कुणी तान्ही लेकरं सांभाळतंय. "आगं, सरक की जरा. घाण काढू दे. लय राणीसायब झालीस व्हय गं?" असं म्हणत ती पिंजऱ्याचं झाकण उचलायची. ती पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची जनावरं तिच्या हाताला कधी बुजायची नाहीत. दुसऱ्या कुणी हात घातला की तीच कोपऱ्यात अंग चोरायची, एखादी चावायचीही.

या मायेला कारण होतं, आणि ते कारण साताऱ्यात राहायचं. अंजनाचा मुलगा कपिल तिथं कंपनीत होता. त्याच्या बायकोला, सृष्टीला, पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत दिसलं की बाळाचा मणका पाठीशी मिटलेलाच नाही. ते बाळ राहिलं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी दिवस जायच्या आधीपासूनच सृष्टीला एक बारीकशी पिवळी गोळी चालू केली. फोलिक ॲसिड. म्हणाल्या, काही बायकांच्या अंगात हे जीवनसत्त्व नीट वापरलं जात नाही, त्यांना जपून द्यावं लागतं. अंजनानं विचारलं होतं, "ही गोळी चालतीया हे तुमास्नी कळलं कसं?" बाहेर बायकांची रांग लागलेली. डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "बघितलं असेल कुणीतरी. आधी उंदरांवर, मग माणसांवर."

आता यशोधरा, म्हणजे नात, साताऱ्याच्या घरातली एकेक कपबशी फोडत हिंडत होती. पाठ अशी ताठ, की बघत राहावं. अंजना कॉलेजात तेव्हा वर्ग झाडायची. नात सव्वा महिन्याची झाली आणि अंजनानं उंदीरघराचं काम मागून घेतलं. ते काम कुणालाच नको होतं, वासामुळं. "वास कुटं येत न्हाई?" अंजना म्हणाली आणि चावी घेतली.

साक्षी कोरेगावची. घरचा ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आणि मुलगी या कॉलेजात डफळे सरांच्या हाताखाली पीएचडीसाठी उंदरांच्या मागं. तिचे उंदीर लांबून, विमानानं आले होते. सुनेच्या गोळीचं सांगून, त्यांच्यात काय विशेष आहे हे अंजनानं पहिल्याच दिवशी विचारलं. साक्षीला समजावून सांगायची आवड होती. तिचं ऐकून घेणारं तसंही दुसरं कुणी नव्हतं.

"मावशी, तुमच्या सूनबाईंच्या गोळीत जे असतं ना, ते फोलेट. पण ते पोटात गेलं म्हणजे काम झालं असं नाही. ते म्हणजे पोत्यातले दाणे. शरीराला लागतं पीठ. त्याला गिरणी पाहिजे. ती गिरणी कशी उभारायची हे एका जीनमध्ये लिहिलेलं असतं. एक जीन आईकडून येतो, एक बापाकडून. म्हणजे गिरण्या दोन."

"आन् ह्यांच्या?"

"यांची एक बंद. मुद्दाम बंद केलेली."

"कुणी?"

"शास्त्रज्ञांनी."

"वाटलंच," अंजना म्हणाली.

साक्षीला हसू आलं. "बघायचं हे, की एका गिरणीवर आईचं आणि पोटातल्या पिल्लांचं भागतं का. दाणे भरपूर असले तर काय होतं, आणि दाणेच तोडले तर काय होतं. तेव्हा कळेल त्या जीनचं खरं काम किती आहे ते."

म्हणून निम्म्या माद्यांना पुरेपूर खाद्य, आणि निम्म्यांना फोलेट काढून टाकलेलं. ते खाद्य साक्षी स्वतः मळायची, स्वतः सुकवायची, पुरेपूर हिरव्या डब्यात आणि तोडलेलं लाल डब्यात भरायची. फोलेट तोडलेल्या माद्यांचे पिंजरे तर तळाला जाळीचे. उंदीर आपल्याच लेंड्या खातात आणि त्यातून त्यांना थोडंफार फोलेट मिळतं. ते मिळू नये म्हणून लेंडी जाळीतून खाली पडायची.

"म्हंजे घरचं खायाची बी सोय ठेवली न्हाई," अंजना म्हणाली.

"या डब्यातल्या खाद्याशिवाय त्यांना दुसरं खाद्य अजिबात नाही. कळलं?"

"कळलं."

आणि तिला खरंच कळलं होतं. डबे तिनं कधी बदलले नाहीत. खाद्य वजन करून घातलं, उरलेलं वजन करून काढलं. साक्षी सुट्टीला कोरेगावला गेली तरी त्यात फरक पडला नाही.

मग थंडीत एका सकाळी साक्षी नाचतच आली. "मावशी, जाळीवरच्यांना दिवस गेले!"

अंजनाच्या काळजात कुठंतरी लख्ख झालं. ती त्या दिवसापासून जाळीवरच्या पिंजऱ्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली. पोटुशी बाया. पायाखाली धड जमीन नाही, ताटात तेच ते चव नसलेलं. तिच्या सासरी पोटुशी बाई दारावरून गेली, मग ती कुठल्या का घरची असेना, भांडणातली का असेना, तिला हाक मारून विचारायचं, काय खावंसं वाटतंय. तिच्यासमोर आंबटचिंबट खायचं तर आधी तिच्या हातावर ठेवायचं. डोहाळे राहिले की लेकराचा कान फुटतो. सासऱ्यांच्या वेळेला घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव गेले, ओटी गेली, नवस गेले. डोहाळे तेवढे कुणी सोडले नव्हते. सासू म्हणायची, दीक्षा मला मिळालीया, जिभेला न्हाई.

हरभऱ्याचे दिवस होते. शेजारची मंगल बुधगावच्या रानातून कोवळा पाला खुडून आणायची, आंब चढलेला, जिभेवर ठेवला की डोळे मिटावेत असा. अंजनाच्या डब्यात दुपारची भाकरी, कांदा आणि मूठभर तो कच्चा पाला. ती उंदीरघरातच स्टुलावर बसून जेवायची. पहिल्याच घासाला तिनं बघितलं, जाळीवरच्या सगळ्या जणी मागच्या पायांवर उभ्या, नाकं हलवत, सगळ्यांची तोंडं तिच्याकडं.

"आगं बाई," अंजना म्हणाली.

तिनं एक डहाळी आत सरकवली. त्या मादीनं ती दोन्ही पंजांत धरली, शेतावरची बाई भाकरी धरते तशी, आणि पान पान करून खाल्ली. मग शेजारची रुसू नये म्हणून तिला. मग तिच्या शेजारचीला. दुसऱ्या दिवसापासून अंजना पाला घरूनच धुऊन, पदरानं टिपून आणायला लागली.

आपण काही नियम मोडतोय हे तिच्या डोक्यातही आलं नाही. साक्षीनं दुसरं खाद्य घालू नका म्हटलं होतं. खाद्य म्हणजे पोट भरायचं. हे जिभेचं होतं. जाळीखालच्या तबकात लेंड्या जरा हिरवट दिसायच्या, पण तबकं धुणारी तीच.

पिल्लं झाली. जाळीवरच्यांना, तुसाच्या मऊ गादीवर हलवल्यावर, गच्च भरून पिल्लं झाली. गुलाबी, तुकतुकीत. अंजनानं त्या संध्याकाळी घरी नवऱ्याला, केरूला सांगितलं. केरू मुंबईची नोकरी संपवून आता सांगलीतल्याच एका सोसायटीचं गेट सांभाळायचा.

"समद्या सुकरूप सुटल्या," ती म्हणाली.

"पेढं वाट मग," केरू म्हणाला. "आज्जी झालीस उंदरांची."

साक्षी मात्र खूश दिसेना. पिल्लं मोजून झाली, मापून झाली, तशी ती गप्प होत गेली. मग माद्यांच्या रक्ताचा रिपोर्ट पुण्याहून आला, आणि त्या दुपारी अंजनाला ती मोरीपाशी सापडली, नळ चालू ठेवून रडताना.

"काय झालं गं बाळा? घरचं काय?"

"रक्तात फोलेट आहे, मावशी. भरपूर. ज्यांना मी देतच नाही त्यांच्या रक्तात!" ती नाक पुसत म्हणाली. "डफळे सर म्हणतात, डबे बदलले माझ्याकडून. हिरव्यातलं लाल डब्यात. उद्या लिहून द्यायचंय मी, की हातून निष्काळजीपणा झाला. आणि मला आता वाटायला लागलंय, की झालाच असेल. नाहीतर आलं कुठून ते? मी तर पालेभाजीचं एक पान कधी आत आणलं नाही. त्याचं नावसुद्धा पानावरनं पडलंय, म्हणून किती जपत होते."

अंजनानं हात पुढं करून नळ बंद केला.

"पानावरनं?" तिनं विचारलं.

"लॅटिनमध्ये पान म्हणजे... जाऊ दे, मावशी."

अंजनाला सांगायचं होतं. तोंडातून शब्दच फुटला नाही, आणि असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

संध्याकाळी चहाचा कप पुढं ठेवून तिनं केरूला सगळं सांगितलं. केरूनं आधी हसून घेतलं. "उंदरांचं डोहाळजेवान!" मग तिचं तोंड बघून थांबला. "गप ऱ्हा. कुणाला कळनार हाय? उंदीर सांगाय येनार हायती का?"

"त्या पोरीच्या माथी बसतंय, आवं."

"तिचा बाप सुभेदार हाय. तिचं कायतरी हुईल. तुजी नोकरी गेली तर आपलं काय?"

चहा तसाच गार झाला. केरूनं कप उचलून न्हाणीत नेऊन ओतला आणि तिकडूनच ओरडला, "आन् सांगनारच असशील तर सकाळच्याला सांग. जेवल्यावर सायेब लोकं चिडत्यात लय."

सकाळी ती सरळ डफळे सरांच्या केबिनमध्ये शिरली. साक्षी खुर्चीत बसून कोऱ्या कागदाकडं बघत होती.

"सर, डबं बदललं न्हाईत," अंजना दारातूनच म्हणाली. "म्या पाला घातला."

"कसला पाला?"

"हरभऱ्याचा."

"कुणाला?"

"पोटुशींना."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "का?"

"त्यास्नी डोहाळं लागलं हुतं, सर."

साक्षीच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं कागद तोंडावर धरला.

"मावशी, ते उंदीर आहेत," सर म्हणाले.

"व्हय. पर पोटुशी हायती."

"किती घातला? रोज किती ग्रॅम?"

"डोहाळं मोजून कुटं पुरवत्यात, सर? ज्येला त्येला जेवढं पायजे तेवढं."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं अंजनाला वाटलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे ही सगळी बॅच गेली. मोजलेलं असतं तर त्याचा काही उपयोग तरी झाला असता. पुन्हा पहिल्यापासून. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला कळवावं लागेल. हिची मुदत संपत आली, ती वाढवून मागावी लागेल, मिळाली तर."

"मला काडून टाका. हिला काय करू नका."

"काढायचंच बघावं लागेल."

"सर, नाही," साक्षी म्हणाली. कागद आता तिच्या मुठीत चुरगळला होता. "पुन्हा करायचं तर मावशीच पाहिजेत. नवा हात दिसला की माद्या घाबरतात. घाबरल्या तर पिल्लं मारून खातात. मग ती जीनमुळं गेली की भीतीमुळं, हे कसं कळणार?"

"आणि ओळखीचा हात पाला घालतो."

"आता नाही घालणार."

"कशावरून?"

साक्षीनं अंजनाकडं बघितलं. अंजना म्हणाली, "सर, माझ्या नातीच्या आदी एक बाळ गेलं. पाट मिटली न्हवती त्येची. नातीच्या येळंला गोळी दिली आन् ती धड आली. ती गोळी कुणीतरी असंच उंदरावर बगितली असंल, असं डाक्टरीणबाई बोलल्या. म्हून मी ह्यांच्यात आले. उपकार फेडायला गेले आन् हिचंच घर बुडवाय निघाले. आता पाला न्हाई घालायची. घातला तर हिचं काम व्हनार न्हाई, एवढं कळतंय मला."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. मग साक्षीच्या मुठीतल्या कागदाकडं बोट दाखवलं. "मी हिच्याकडून सही करून घेणार होतो आज," ते म्हणाले. "आणि हिचं काही चुकलेलं नव्हतं." मग आवाज चढवून, जणू कुणी विरोध करतंय असं, म्हणाले, "जेवणाचा डबा उंदीरघरात न्यायचा नाही! स्कूटरच्या शेडमध्ये जेवायचं. हात धुऊन आत. समितीला मी सांगतो काय सांगायचं ते."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर साक्षी म्हणाली, "मावशी, दोन दिवस माझ्याशी बोलू नका."

"बरं."

दोन पावलं पुढं जाऊन ती वळली. "खायच्या तरी कशा त्या?"

"दोनी हातांत धरून," अंजना म्हणाली. साक्षी भराभर निघून गेली. तिचे खांदे हलत होते, आणि या वेळी तरी ती हसतच होती, असं अंजनानं धरून चाललं.

मुदत मिळाली. पुन्हा माद्या निवडल्या गेल्या, पुन्हा खाद्य मळलं गेलं, पुन्हा जाळ्या आल्या. ऊन तापायला लागलं तेव्हा जाळीवरच्यांना दिवस गेले. अंजना शेडमध्ये, स्कूटरींच्या मधे बसून भाकरी खायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि आत जायची. तिला वाटलं होतं, या नव्या पोटुशी मागायला उभ्या राहतील आणि आपल्याला बघवणार नाही. त्या उभ्या राहिल्याच नाहीत. यांनी पाला कधी बघितलाच नव्हता, यांना मागायचंच माहीत नव्हतं. ते तिला जास्त लागलं. आयुष्यभर कुणाचे आभार मानायचे म्हणजे काहीतरी हातावर ठेवायचं, एवढंच ती शिकली होती. इथं हात मागं ठेवून आभार मानायचे होते. ती तबकं धुवायची, पाणी बदलायची, आणि जाळीशी तोंड नेऊन म्हणायची, "हाय मी. कुटं जात न्हाई." तेवढ्याला कुठलीच समिती नाही म्हणणार नव्हती.

पिल्लं व्हायच्या सकाळी साक्षी लवकर आली. हातमोजे चढवले आणि जाळीवरून हलवलेल्या माद्यांच्या पहिल्या पिंजऱ्यापाशी तशीच उभी राहिली. झाकणाला हात लावेना.

"उघडू का मी?" अंजनानं विचारलं.

"उघडा."

तुसावर थोडीच पिल्लं होती. बोटाच्या पेराएवढी, फिकट. त्यातली काही हलत नव्हती. पुढच्या पिंजऱ्यात तसंच, त्याच्या पुढच्यात तसंच. अंजनानं एकेक झाकण उघडलं, साक्षीनं मोजलं, मापलं. मग त्या पलीकडच्या मांडणीकडं गेल्या, जिथं एक गिरणी बंद असलेल्याच, पण पुरेपूर खाद्यातल्या माद्या होत्या. तिथं झाकण उचलताच गुलाबी वळवळ नुसती. एकावर एक, चुळबुळ, ढुशा.

साक्षी खाली बसली. "दाणे भरपूर असले तर एका गिरणीवर भागतंय, मावशी. तोडले की नाही भागत. इतकं स्पष्ट येईल असं वाटलं नव्हतं मला." मग तिनं जाळीवाल्यांकडं बघितलं. "मला हेच पाहिजे होतं. हे म्हणायचं म्हणजे..."

"म्हन की. आपल्या दोघींबिगर कोन हाय हितं?"

"मला आनंद झालाय," साक्षी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"मला बी," अंजना म्हणाली. तिलाही वाटलं नव्हतं असं होईल. त्या न हलणाऱ्या पिल्लांकडं बघताना तिला सृष्टीचं पहिलं बाळ आठवत होतं, आणि तरीही आत कुठंतरी घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी सैल होत होतं. "सुनेला सांगू का गं? तिला अजून वाटतंय, तिचंच कायतरी चुकलं हुतं. एका गिरणीवर भागतंय म्हून सांगू?"

"उंदरांत भागतं, एवढंच सांगा. माणसाचं अंग मोठं भानगडीचं असतं. आणि तिच्यात हाच जीन होता का, हे आपल्याला माहीत नाही."

"उंदराचं म्हूनच सांगीन. तेवढं बी लय हाय तिला."

साक्षीनं मान हलवली. मग उठून तिनं सुईचं तबक ओढलं. पहिल्या पिंजऱ्यातल्या मादीचं रक्त आत्ता घ्यायचं होतं. अंजनानं तिला तुसावरून उचललं. तिचं अंग अजून गरम होतं, आणि ती मान वळवून वळवून गादीकडं बघत होती.

"लय काम केलंस, बाय," अंजना तिला म्हणाली. "लय उपकार झालं तुजं."

"मावशी, धरा नीट. घेते."

"घे की. पर जरा दम धर. आत्ता बाळंत झालीया."

साक्षीनं सुई परत तबकात ठेवली, स्टूल ओढलं आणि शेजारी बसून राहिली.